सड्यावर फोटो काढताना कॅमेरा बंद पडतो: मॉड्यूल बदलण्याआधी गडग्याचा फोटो काढून बघा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. घरात, ओटीवर, माणसांचे फोटो व्यवस्थित निघतात. राजापूरकडच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, कातळशिल्पांचे (कातळात कोरलेल्या जुन्या आकृत्यांचे) फोटो ५० मेगापिक्सेलवर काढायला गेलं की बटण दाबल्यावर स्क्रीन अडकते, कॅमेरा बंद झाल्याची पाटी येते, आणि फोटो कधी मिळतो, कधी नाही. दुकानदार म्हणतो, कॅमेऱ्याचं मॉड्यूल, म्हणजे भिंग आणि सेन्सरचा सुटा भाग, गेलंय, बदलून घ्या.

माझं स्पष्ट मत आहे की इतक्यात पैसे घालवू नका. मॉड्यूल खराब झालं तर ते घरातही त्रास देतं: फोकस सापडत नाही, चित्र थरथरतं, नाहीतर नुसती काळी स्क्रीन दिसते. तुमच्याकडे समोर काय आहे त्यावर बिघाड ठरतोय. अशा वेळी संशय आधी फोटो जतन करण्याच्या कामावर घ्यायचा.

यामागचं कारण थोडं सविस्तर सांगतो, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं. ५० मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ५ कोटी ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या तीन रंगांना एकेक बाइट धरला तरी दाबून लहान करण्याआधी तो १५० एमबी भरतो. ही मेमरी गिलाव्याच्या भिंतीला लागते तेवढीच कातळालाही लागते. फरक पडतो त्याच्या पुढच्या टप्प्यावर. जेपेग, म्हणजे फोटोची नेहमीची दाबलेली फाइल, बनवताना फोन चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनातला बारीक चढउतार किती ठेवायचा ते ठरवतो. आकाश किंवा रंगवलेली भिंत असेल तर चौकोनात ठेवण्यासारखं फारसं काही नसतं, फाइल छोटी होते. जांभा मात्र नुसता भोकांचा. त्यावर खडे, सुकलेलं शेवाळ, गवताच्या काड्या, आणि प्रत्येक काडीची आपली वेगळी सावली. तेव्हा तेवढ्याच मेगापिक्सेलची फाइल कितीतरी फुगते.

आता अँड्रॉइडमध्ये कॅमेऱ्याचा ड्रायव्हर (कॅमेरा चालवणारं फोनमधलं सॉफ्टवेअर) आधीच सांगून ठेवतो की तयार जेपेग जास्तीत जास्त इतक्या बाइटची होईल, आणि तेवढीच जागा राखली जाते. बनवणाऱ्यांनी हा आकडा आखडता धरला असेल, तर साधे फोटो आरामात मावतात आणि गच्च तपशिलाचा फोटो बाहेर सांडतो. मग ॲप कोसळतं.

पण सड्यावर ऊनही असतं. उन्हात फोन तापतो, आणि कडक ऊन-सावली दिसली की एचडीआर (अनेक फोटो जोडून ऊन-सावली सावरणारी सोय) आपोआप चालू होऊन एकाऐवजी अनेक फ्रेम एकदम मेमरीत येतात. म्हणून 'तपशील' हाच गुन्हेगार आहे हे आधी पक्कं करायला हवं. त्यासाठी सड्यावर जायचीही गरज नाही. संध्याकाळी ऊन कलल्यावर परड्यातल्या गडग्यासमोर, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणासमोर, उभ्या राहा. एचडीआर बंद करा, ५० मेगापिक्सेल ठेवा आणि गडग्याचा स्पष्ट फोटो काढा. मग त्याच जागेवरून मुद्दाम धूसर फोटो काढा. प्रो मोडमध्ये फोकस हाताने अगदी जवळच्या टोकाला नेला की दगड विरघळल्यासारखे दिसतात. ५० मेगापिक्सेल चालू असताना हाताने फोकस करता येत नसेल, तर बाजूच्या गिलाव्याच्या भिंतीवर भागवा. उजेड तोच, फोनची उष्णता तीच, बदलला फक्त तपशील. दोन्ही प्रकार आलटून-पालटून बऱ्याचदा करा, एका फोटोवरून निष्कर्ष काढू नका.

धूसर दरवेळी निघतो आणि स्पष्ट फोटोला कॅमेरा पडतो, असं झालं तर उत्तर मिळालं. मग कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फोटोची गुणवत्ता कमी करण्याची सोय आहे का बघा. एचईआयएफ किंवा 'हाय एफिशियन्सी' असा पर्याय असेल तर तोही चालू करून पाहा. त्यात फाइल बरीच लहान होते, फक्त जुन्या कॉम्प्युटरवर ती उघडताना अडचण येऊ शकते. ओपन कॅमेरा हे मोफत ॲप टाकून त्यातली इमेज क्वालिटी खाली आणून तोच गडगा पुन्हा टिपा. काही फोन बाहेरच्या ॲपला पूर्ण ५० मेगापिक्सेल देत नाहीत, तेव्हा तिथे फोटो निघाला तरी तो किती मेगापिक्सेलचा आहे ते तपासा. आणि दुसऱ्या फोनसाठी जुळवलेलं एखादं कॅमेरा ॲप कुणी तुमच्या फोनवर टाकून दिलं असेल, तर सगळ्यात आधी ते काढून टाका. मूळ बिघाड ड्रायव्हरमधला असेल तर तो कंपनीच्या अपडेटनेच जातो.

धूसर फोटोलाही कॅमेरा पडत असेल तर मेमरीकडे वळा. फोन बंद करून चालू करा, दुसरं काहीही न उघडता फोटो काढा. सेटिंगमध्ये कॅमेरा ॲपची कॅश (तात्पुरत्या फाइली) पुसा. त्याचा डेटा पुसला तरी काढलेले फोटो जात नाहीत, फक्त तुमची सेटिंग मूळपदावर येतात. कुणी डेव्हलपर ऑप्शनमध्ये 'बॅकग्राउंड प्रोसेस लिमिट' बदललं असेल तर ते स्टँडर्डवर आणा.

जे फोटो अर्धवट मिळालेत ते गॅलरीत मोठे करून बघा. वरचा भाग ठीक आणि खाली सपाट करडा पट्टा असेल, तर फाइल लिहिता लिहिता तुटली आहे. फोटो मेमरी कार्डवर जात असतील तर जागा बदलून फोनच्या आतल्या स्टोरेजवर घ्या, आणि तिथे काही जीबी मोकळे ठेवा. जुनं, हळू कार्ड मोठ्या फाइलला कच खातं.

उन्हाचं म्हणाल, तर आयफोन वापरण्यासाठी कंपनीच ३५ अंशांपर्यंतची हवा सुचवते. मे महिन्यात तापलेल्या कातळावर ठेवलेला कुठलाही फोन त्याच्या पुढे जाणारच. कव्हर काढा, पॉवर बँक लावून फोटो काढू नका, मधूनमधून फोन सावलीत ठेवा. थंड करायला फ्रिजमध्ये मात्र कधीही नको, आपल्या दमट हवेत बाहेर काढताच पाणी धरतं.

आता तुम्ही विचारलं नाहीत, पण मला मनापासून सांगावंसं वाटतं. कातळशिल्पांसाठी ५० मेगापिक्सेलचा हट्ट सोडा. अशा बहुतेक सेन्सरमध्ये शेजारच्या चार ठिपक्यांवर एकाच रंगाची गाळणी असते, आणि चार मिळून एक करून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो बनतो. तोच त्यांचा खरा घरचा मोड. साडेबारावर फोटोची रुंदी साधारण ४००० ठिपके येते. दोन मीटर कातळ चौकटीत घेतला तर एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा झाला. कोरलेली रेघ त्याहून कितीतरी रुंद असते, ती त्यात उत्तम येते. कशेळीच्या सड्यावर कोरलेला हत्ती जवळपास १८ मीटर लांब आहे, तो उभ्याने एका चौकटीत मावणारच नाही. त्याचे साडेबारावर भरपूर फोटो घ्या, प्रत्येक फोटोत आधीच्याचा दोन तृतीयांश भाग पुन्हा येऊ द्या. असे फोटो पुढे जोडून पूर्ण आकृती उभी करता येते.

वेळ सकाळी लवकरची किंवा सूर्य कलल्यावरची धरा. तिरप्या उजेडात खाचेत सावली पडते आणि आकृती उठून दिसते. दुपारी तेच चित्र कातळात हरवतं, फोनही तापतो. रेषा दिसाव्यात म्हणून खडू, चुना, रंग काहीही लावू नका, घासूही नका. कशेळी, बारसू, देवाचे गोठणे ही ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आहेत, आणि संरक्षणाची कुंपणं सगळीकडे पोहोचलेली नाहीत. ही शिल्पं जपणं तिथे जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आहे.

गडग्याची चाचणी झाली की एवढं कळवा: स्पष्ट आणि धूसर यांपैकी कशाला कॅमेरा पडला, फोटो कुठे जतन होतात, आणि अँड्रॉइडची आवृत्ती कुठली. तरीही उलगडा झाला नाही तर सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन उघडा, कॅमेरा पडल्या पडल्या तिथून बग रिपोर्ट (फोनने ठेवलेली बिघाडाची नोंद) घ्या. तो इथे सगळ्यांसमोर टाकू नका, त्यात तुमची खासगी माहिती असते. त्यात 'आउट ऑफ मेमरी' असे शब्द सापडतात का तेवढं शोधून सांगा.