गॉडझिलाला राग कशाचा?

प्रश्न: ताई, पोरगा सुट्टीत दिवसभर गॉडझिलाचे पिक्चर बघत बसतो. नुसत्या बिल्डिंगी पाडायच्या, त्यात बघण्यासारखं काय असतंय? – एक वाचक, औसा

उत्तर: दादा, त्याच्यासोबत १९५४ चा पहिला, ब्लॅक अँड व्हाइट गॉडझिला एकदा बघाच. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेनं बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्ब फोडला, त्याची पांढरी राख जपानच्या मासेमारी बोटीवर पडली, २३ जण आजारी पडले, एक वारला, आणि पिक्चर सुरू होतो तोच समुद्रात बोट पेटते तिथून, म्हणजे जपानच्या लोकांना लगेच कळलं असणार कशाबद्दल चाललंय. १९७१ च्या गॉडझिला पिक्चरमधला दुसरा राक्षस, हेडोरा, तर घाणीवरच पोसलेला, कारखान्याच्या चिमणीला तोंड लावून धूर ओढतो, तो सीन माझ्या डोळ्यासमोरून जातच नाही.

आपल्याकडं राक्षस दिसत नाही एवढंच. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते पोराला सांगा आणि विचारा, मांजरा धरणातून राक्षस निघाला तर कसा दिसेल? माझ्या भाचीनं काढला होता: अंगभर भेगा, पाठीवर बोअरचे पाइप, आणि हातात रिकामी घागर.