रीफ टँकसाठी पहिला पंप घेताना

रीफ टँक म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, आणि हा पंप त्यातलं पाणी सतत फिरवत ठेवतो. आधी टँक किती लिटरचा आणि त्यात कोणते कोरल ठेवणार, हे ठरवा. मऊ कोरलना ताशी टँकच्या १० ते २० पट पाणी फिरलं तरी भागतं. अ‍ॅक्रोपोरासारख्या कडक कोरलना ४० पट किंवा त्याहून जास्त लागतं. म्हणजे २०० लिटरच्या टँकला मऊ कोरलसाठी ताशी २००० ते ४००० लिटर. संपमधून, म्हणजे टँकखालच्या फिल्टरच्या टाकीतून, पाणी वर आणणारा रिटर्न पंप यात धरू नका.

एका दांडग्या पंपापेक्षा दोन लहान घ्या. एक बंद पडला तरी टँक तगतो, शिवाय समोरासमोरचे झोत आदळून पाणी घुसळतं. कोरलना तेच मानवतं.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- झोत थेट कोरलवर. एकाच बाजूने मांस सोलल्यासारखं दिसलं, तर समजा हेच झालंय.
- पंप तळाशी, मग वाळूचं वादळ! तोंड किंचित वर ठेवा, पृष्ठभाग थरथरला पाहिजे.
- अ‍ॅनिमोन (फुलासारखा दिसणारा, जागा बदलणारा मऊ समुद्री प्राणी) असूनही पंपावर जाळी नाही. माझा एक अ‍ॅनिमोन असाच पंपात ओढला जाऊन गेला. दोन दिवस पाणी दुधाळ होतं.

वेग कमी-जास्त करता येणारा डीसी पंप परवडत असेल तर तोच घ्या. लाटांचे मोड वगैरे सध्या राहू द्या. दोन-तीन महिन्यांनी पंप पातळ व्हिनेगरमध्ये बुडवून चुन्याचा थर काढा.