गिफूला उकाई बघायला जाताय तर

जपानमधल्या गिफू शहरात नागारा नदीवरची उकाई, म्हणजे पाणकावळ्यांकडून मासे पकडायची पद्धत, ११ मे ते १५ ऑक्टोबर असते, पण बुकिंगआधी कॅलेंडर बघ, सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या मोठ्या पौर्णिमेला सुट्टी असते आणि पावसाने नदी चढली तरी कॅन्सल. काठावरून फुकट दिसतं, पण पैसे टाकून बोटीतच बस. लोखंडी जाळीत पाइनच्या लाकडांचा जाळ, ठिणग्या पाण्यात पडतायत, आणि गवताचा घागरा घातलेला उशो (पाणकावळे हाताळणारा कोळी) दहाएक पाणकावळ्यांच्या दोऱ्या गुंता न होऊ देता सांभाळतोय, हे जवळूनच बघायचं! गळ्याला दोरी असते म्हणून मोठा आयू मासा घशातच अडकतो, बारके मात्र पक्षी गिळतो, सो बिचारे उपाशी वगैरे टेन्शन नको. शेवटी उशोंच्या सहाही होड्या शेजारी-शेजारी येतात, बॅटरी तेव्हासाठी वाचव.