'शेरलॉक' बघायला घेताय? मग हे आधी वाचा

बीबीसीची 'शेरलॉक' (२०१०) ही गुप्तहेर शेरलॉक होम्सची मालिका क्रमानेच बघा. एकेक भाग दीड तासाचा आहे, पण मध्येच लक्ष उडालं की धागा सुटतो. जमलं तर आधी कॉनन डॉयलची मूळ होम्स-कादंबरी 'द साइन ऑफ फोर' वाचून घ्या, मजा दुप्पट होईल. त्यात होम्सचा मित्र वॉटसन याच्या घड्याळावर, थरथरत्या हाताने चावी देताना भोकाभोवती पडलेले ओरखडे बघून होम्स आधीच्या मालकाचं दारूचं व्यसन ओळखतो. मालिकेत घड्याळाच्या जागी मोबाइल येतो आणि चार्जिंगच्या खाचेभोवतीचे ओरखडे तेच सांगतात. काय सुंदर बदल केलाय! तरी तिथे होम्सची एक गोष्ट चुकतेच. कोणती, ते सांगत नाही. वॉटसन मात्र तेव्हाही अफगाणिस्तानातून जखमी होऊन परतलेला, आणि आताही. चौथा सीझन मला फसलेला वाटतो. पहिले दोन अजिबात चुकवू नका.