भीती वाटली तर कान झाका

प्रश्न : आम्ही पाच मैत्रिणी कोथरूडला एका फ्लॅटमध्ये राहतो. येत्या शनिवारी रात्री घरीच टीव्हीवर हॉरर पिक्चर बघायचा बेत आहे. चौघी जाम खूश आहेत, पण एकीला फार भीती वाटते. ‘मी उशीआडून बघेन’ म्हणते; मागच्या वेळी मात्र तिला रात्रभर झोप नव्हती. तिला बोलवावं की तिला सोडून बघावं? माझा आठवीतला मामेभाऊसुद्धा ‘मी पण येणार’ म्हणून मागे लागलाय. आणि लावावा कुठला?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तिला सोडून अजिबात बघू नका. घाबरत असूनही ती यायचं म्हणते, म्हणजे तिला तुमच्यात बसायचंय. फक्त ती उशी काढून घ्या. मी साउंडचा माणूस, आयुष्य मिक्सिंगच्या खोलीत गेलं, म्हणून खात्रीनं सांगतो, उशीचा काही उपयोग नाही. भयपट कानांतून आत शिरतो. डोळे मिटले की चेहरा दिसायचा थांबतो, पण दाराची करकर, कुणाचा तरी श्वास, वरच्या मजल्यावरची पावलं चालूच राहतात. मग उरलेलं चित्र आपलं मन काढतं आणि ते पडद्यावरच्यापेक्षा नेहमीच वाईट असतं. तिला सांगा, डोळे उघडे ठेव आणि तळहात कानांवर घट्ट दाब. विश्वास बसत नसेल तर भीतीचा एखादा प्रसंग आधी म्यूट करून तिला दाखवा. मेकअप केलेला नट दिसेल, बाकी काही नाही.

कान कधी झाकायचे, तेही सांगतो. दचकवायच्या आधी आम्ही जागा रिकामी करतो. रात्रीचा प्रसंग असेल तर मागे रातकिडे असतात, वारा असतो, लांब कुठेतरी कुत्रं असतं. ते एकेक काढून घेतो. संगीतही काढतो. मग काही क्षण नुसती शांतता, बघणारा नकळत कान टवकारतो, आणि तेवढ्यात दणका. तेव्हा रातकिडे गप्प झाले की समजायचं, आता येणार. हे एकदा कळलं की तुमची मैत्रीणच बाकीच्या चौघींना आधी सांगेल. हाड मोडल्याचा आवाज बऱ्याचदा सेलरीची जुडी किंवा गाजर माइकसमोर मोडून केलेला असतो, हेही तिच्या कानावर घाला.

रिमोट तिच्याच हातात द्या. ‘थांबव’ म्हणायची वेळ तिच्यावर येऊ नये, तिनं सरळ आवाज कमी करावा आणि त्यावर कुणी हसू नये. तिला मध्ये बसवा, दोन्ही बाजूंना कुणीतरी असू द्या. पिक्चर संपल्यावर दिवे घालवणं, बाथरूमच्या दाराला बाहेरून कडी लावणं, मध्यरात्री फोन करून नुसता श्वास ऐकवणं, यातलं काहीही करायचं नाही, हे तिच्यासमोर ठरवून टाका. घाबरणाऱ्या माणसाला पिक्चरपेक्षा नंतरच्या या थट्टेचाच त्रास जास्त होतो. त्या रात्री सगळ्या जणी एकाच खोलीत गाद्या टाका.

आता टीव्ही. सगळ्यांच्या घरी हेच होतं: संवाद कुजबुजत म्हटलेले असतात, ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवला जातो आणि पुढच्या दणक्याला शेजारचे काका बेल वाजवतात. त्यापेक्षा एखादा मोठा आवाजाचा प्रसंग लावून आवाज आधीच ठरवा आणि संवादांसाठी सबटायटल्स लावा. साउंड सेटिंगमध्ये ‘नाइट मोड’ असेल तर तो लहान-मोठ्या आवाजातलं अंतर कमी करतो. तो लावला की दणक्याची धार जाते, शांततेचीही जाते. मला तो आवडत नाही, पण अकरानंतर बघणार असाल तर लावा. खरं तर आठलाच बसा. वेफर्सची पाकिटं आधीच भांड्यात ओतून ठेवा. त्या चुरचुरीनं अख्खा प्रसंग मरतो.

पिक्चर म्हणाल तर ‘तुंबाड’ (२०१८). कोकणातला वाडा, लोभाची गोष्ट आणि सतत लागून राहिलेला पाऊस. त्या पावसाकडे नीट कान द्या. दचके कमी, हळूहळू अंगावर येणारं जास्त, त्यामुळे तुमच्या मैत्रिणीला झेपेल. मराठीच हवा असेल तर ‘लपाछपी’ (२०१७) आहे, उसाच्या फडातल्या एकाकी घरात आलेल्या गरोदर बाईचा. उसाचं पातं पात्यावर घासतं तो आवाज ज्यांनी गावाकडे ऐकलाय, त्यांना तो जास्त लागेल. पण विषय स्त्रीभ्रूणहत्येचा आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी गर्भपाताचं दुःख ताजं असेल, तर लावू नका.

मामेभावाला आणू नका. ‘तुंबाड’ला ‘ए’ प्रमाणपत्र आहे. त्याच्यासाठी रविवारी दुपारी ‘झपाटलेला’ (१९९३) लावा आणि तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्ये यांनी केलाय, हे त्याला आधी सांगा.

प्रश्न : आम्ही साठीच्या पुढचे चार मित्र दर महिन्याला एकत्र जुना सिनेमा बघतो. रक्त, किंकाळ्या सोसत नाहीत. भीतीचा असा एखादा आहे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ‘महल’ (१९४९). कमाल अमरोहींचा, बॉम्बे टॉकीजचा. ‘आयेगा आनेवाला’ तुम्ही शेकडो वेळा ऐकलं असेल, या वेळी सुरुवातीच्या ओळींत आवाज कुठून येतो ते ऐका. खेमचंद प्रकाश यांच्या या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी माइक खोलीच्या मध्यभागी होता आणि लताबाई कोपऱ्यातून गात गात त्याच्याकडे चालत आल्या. लांबून कुणीतरी जवळ येतंय, हा भास यंत्रानं केलेला नाही, चालण्यानं झालाय. मोबाइलवर मात्र बघू नका, त्याच्या स्पीकरमधून ते अंतर कळतच नाही. चौघांपैकी ज्याच्याकडे बरे स्पीकर असतील, त्याच्या घरी जमा आणि गाणं सुरू झालं की पंखा बंद करा.