पावसाळ्यात पोहण्याचा पूल रिकामा करू नका, आणि इतर उत्तरं

मे उलटला की माझ्याकडे येणारे प्रश्न बदलतात. मार्चपर्यंत 'टाइल कुठली लावू?' विचारणारी मंडळी आता 'पाणी काढून टाकू का?' असं विचारू लागतात. म्हणून सुरुवात त्याच प्रश्नापासून करतो. त्याचं उत्तर जरा लांबलंय, बाकीच्यांनी थोडा धीर धरावा.

बंगल्यात ८ बाय ४ मीटरचा काँक्रीटचा पूल आहे, खोली सरासरी १.३ मीटर. पावसाळ्यात कुणी पोहत नाही. केमिकलचा खर्च आणि डासांची कटकट नको म्हणून जूनमध्ये रिकामा करून वर ताडपत्री टाकावी, असं आमचे माळी म्हणतात. चालेल का? (एक वाचक, उलवे)

नाही चालणार. रिकामा पूल म्हणजे जमिनीत रुतवलेली होडी. भोवतीचं पाणी वर आलं की ती तरंगू पाहते.

तुमच्याच पूलचा हिशेब मांडतो. तळ २५ सेंटिमीटर आणि भिंती २० सेंटिमीटर जाड धरल्या तर सगळं काँक्रीट साधारण १६ घनमीटर भरतं. घनमीटरला अडीच टन, म्हणजे पूलचं वजन ४० टन. आता बाहेरून मोजा. त्यानं जमिनीत ८.४ बाय ४.४ बाय १.५५ मीटर, म्हणजे ५७ घनमीटर जागा अडवली आहे. भूजल काठापर्यंत चढलं की खालून वर ५७ टनांचा रेटा येतो. वजन ४० आणि रेटा ५७! भरलेल्या पूलमध्ये आणखी ४१-४२ टन पाणी असतं, म्हणून तो जागचा हलत नाही. शिवाय भूजल काठापर्यंत यायचीही गरज नाही. तळाच्या खालच्या अंगापासून १.१ मीटर चढलं की पारडी बरोबरीत येतात. म्हणजे अंगणाखाली दीड फुटावर पाणी असलं की रिकामा पूल उचलायच्या बेतात आलाच. बाजूच्या मातीचं घर्षण थोडं धरून ठेवतं, पण भरावाच्या मातीवर मी विसंबत नाही.

उलवे, सीवूड्स, वाशीची खाडीकडची बाजू, इथे वर मुरमाचा भराव आणि खाली खाडीची चिखलमाती. पाऊस भरावात मुरतो आणि चिखलावर अडून बसतो. ठाणे-नवी मुंबईत वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. आपल्याकडे पूल बांधताना आतलं पाणी बाहेर जाऊ नये याची सगळ्यांना काळजी असते. बाहेरच्या पाण्याचा विचार फार थोडे करतात.

हे मी फुकट शिकलेलो नाही. पूलच्या धंद्यातल्या माझ्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पनवेलच्या पुढे एका फार्महाऊसवर मीच भर जुलैत पूल उपसायला सांगितला. टाइल बदलायच्या होत्या आणि मालकांना गणपतीआधी काम हवं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर खोल बाजूचा काठ भोवतीच्या फरशीपेक्षा चार बोटं वर आलेला. चारच बोटं, पण पाइप तुटले आणि पूल काही परत खाली बसला नाही, कारण खालच्या पोकळीत गाळ शिरला होता. पदरचे पैसे घालून ते निस्तरलं.

काही पूलमध्ये तळाच्या जाळीखाली हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह असतो. बाहेरचा दाब वाढला की तो उघडतो आणि भूजल आत घेतो. चांगली सोय आहे, पण गाळानं तो अडकून बसला तरी कुणाला कळत नाही. मी त्याच्या जोडीला पूलच्या खोल बाजूला भोकं पाडलेला सहा इंची पीव्हीसी पाइप, भोवती खडी भरून, तळाच्या पातळीपर्यंत उभा गाडून घेतो. झाकण काढून काठी सोडली की पाणी किती वर आहे ते दिसतं, आणि वेळ आलीच तर त्यातच छोटा पंप सोडून उपसताही येतं. पूल रिकामा करणं भागच असेल तर मार्च ते मेमध्ये करा, आणि आधी हा पाइप बघा. खाडीजवळ असाल तर उधाणाच्या दिवशी, भरतीच्या वेळी बघा.

तेव्हा पूल भरलेलाच ठेवा. पंप रोज दोन-तीन तास फिरवा, क्लोरीन १ ते ३ पीपीएममध्ये (म्हणजे दहा लाख भाग पाण्यात १ ते ३ भाग) ठेवा. पावसाच्या पाण्यानं क्लोरीन आणि अल्कलिनिटी (पाण्याचा पीएच टिकवून धरणारा गुण) दोन्ही पातळ होतात, तेव्हा धो-धो पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी तपासा. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. फिरत्या, क्लोरीनच्या पाण्यात त्याला ते जमत नाही. ताडपत्रीवर साचणाऱ्या डबक्यात मात्र उत्तम जमतं, हे माळीबुवांना सांगा.

भर उन्हाळ्यात रोज एक इंच पाणी कमी होतं. गळती आहे की ऊन पितंय? (कोलशेत, ठाणे)

बादलीनं ठरवा. पूलच्या पायरीवर बादली ठेवा, तिच्यात पूलच्याच पातळीइतकं पाणी भरा, आत-बाहेर खूण करा. २४ तासांनी दोन्ही खुणा पाहा. बादलीतलंही तेवढंच उतरलं असेल तर ऊन-वारा. पूलमधलं जास्त उतरलं असेल तर तेवढ्या फरकाची गळती. त्या दिवशी कुणी पोहायचं नाही, टॉप-अपचा नळ बंद. आपल्या दमट हवेत मे महिन्यातही दिवसाला पाच-सात मिलिमीटरच्या वर सहसा उडून जात नाही, त्यामुळे इंचभर म्हणजे मला गळतीच वाटते. ३२ चौरस मीटरच्या पूलला एक इंच म्हणजे दिवसाला ८०० लिटर!

मग तीच चाचणी एकदा पंप चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून करा. चालू असताना जास्त उतरत असेल तर पंपाकडून पूलमध्ये पाणी परत आणणाऱ्या, दाबाखालच्या पाइपात दोष. दोन्हीकडे सारखं असेल तर पंप बंद करून पाणी उतरू द्या आणि कुठे थांबतं ते बघा. ते बहुतेक स्किमरच्या (वरवरचा कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या खाचेच्या) तोंडाशी किंवा दिव्याच्या खोबणीशी थांबतं. तिथे सिरिंजनं खाण्याचा रंग हळूच सोडला की तो फटीत ओढला जाताना दिसतो. मात्र पातळी उतरू देतानाही पहिल्या उत्तरातलं भूजल विसरू नका. सगळी टाइल फोडून नवं वॉटरप्रूफिंग करा, असं सांगणारा कंत्राटदार या चाचण्यांआधी आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

बदलापूरजवळ शेतघरात नवा पूल बांधतोय. एकजण म्हणतो, विटांच्या भिंती, कोबा आणि वर टाइल, निम्म्यात काम होईल. काँक्रीटच हवं का? घ्यायचं तर काय बघू? (पत्ता ठाण्याचा)

काँक्रीटच हवं. विटेच्या भिंतीला आतल्या पाण्याचा रेटा फारसा सोसत नाही, आणि पूल उपसला की बाहेरच्या मातीचाही नाही. कोबा आणि शहाबादी फरशीचं बॉक्स वॉटरप्रूफिंग आपल्याकडच्या जमिनीतल्या टाक्यांना वर्षानुवर्षं होतंय. ते वाईट नाही, पण ते अंगरखा आहे. हाडं मजबूत हवीत.

पाणी साठवणाऱ्या काँक्रीटसाठी आपलं मानक आहे आयएस ३३७०. डिझाइन त्यानुसारच करून घ्या, घराच्या स्लॅबच्या अंदाजानं नको. काँक्रीट किमान एम ३० या ताकदीचं, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या आत. साइटवर मिक्सरमध्ये 'जरा पातळ कर रे' म्हणत पाइपानं पाणी सोडताना दिसले तर तिथेच थांबवा. पुढची निम्मी गळती त्या पाइपातून येते.

बाकी भानगडी सांध्यांवर होतात. तळ एका दिवशी आणि भिंती दुसऱ्या दिवशी ओतल्या जातात, त्या सांध्यात पीव्हीसी वॉटरबार (पाणी अडवणारी पट्टी) हवाच, आणि काँक्रीट पडताना तो आडवा होता कामा नये. भिंतीतून जाणारे पाइप काँक्रीटच्या आधी, पडल-फ्लँज (पाइपाच्या कडेनं पाणी झिरपू न देणारी चकती) लावून बसवा. नंतर ब्रेकरनं भोक पाडून घुसवलेला पाइप कितीही ग्राउट केला तरी कधीतरी पाझरतोच. शटरिंगच्या दोन फळ्या ओढून धरायला भिंतीतून आरपार बोल्ट किंवा तार टाकतात, त्यांची भोकं कशानं बुजवणार ते आधी विचारा. उत्तर चाचरत आलं तर समजून जा. भिंतीत व्हायब्रेटर नीट फिरला नाही की खडी उघडी पडते, तिला सगळे 'हनीकोंब' म्हणतात. ती दिसली की वरून प्लास्टर फासू देऊ नका. सुटा भाग फोडून न आकसणाऱ्या ग्राउटनं भरून घ्या.

तळाची स्लॅब भिंतीच्या बाहेर फूटभर काढा. तिच्यावर बसणारी माती पूलला खाली दाबून धरते. पहिल्या उत्तरातल्या ४० टनांत फुकटची भर.

१४ दिवस क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं. मग प्लास्टर, टाइल आणि बाजूचा भराव यांच्या आधी नुसतं काँक्रीट पाण्यानं भरून आठवडाभर ठेवा. बाहेरच्या बाजूनं चालत फिरा, ओल आली तिथे खडूनं खूण करा. या आठवड्याला प्रत्येक कंत्राटदार कुरकुरतो. पाणी कुठून आणायचं, मजूर बसून राहतात वगैरे. टँकरचे पैसे तुम्ही द्या, पण आठवडा सोडू नका. काम पावसाळ्यात लोटत असेल तर उघड्या खड्ड्यात ते रेटण्यापेक्षा दिवाळीनंतर सुरू करा.

पूलमधले दिवे १२ व्होल्टचेच घ्या आणि पंपाच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा. इथे काटकसर नको.

नेरूळला सिडकोचं रो-हाऊस आहे. गच्चीवर मुलांसाठी चार फुटी छोटा पूल बांधता येईल का?

नाही. चार फूट पाणी म्हणजे चौरस मीटरला १२०० किलो, टाकीचं वजन वेगळं. घराच्या खोल्यांचे स्लॅब चौरस मीटरला २०० किलो वापराच्या भारासाठी धरलेले असतात, गच्ची बहुधा त्याहून कमी. फूटभर पाण्यानंच ती मर्यादा ओलांडली जाते. त्यात घर जुनं असेल तर सळया आधीच गंजलेल्या असू शकतात. मुलांना अंगणात फुगवायचा टब आणून द्या.

बोअरचं पाणी भरलं तेव्हा काचेसारखं होतं. क्लोरीन टाकल्यावर तासाभरात चहासारखं झालं. क्लोरीन भेसळीचं होतं का? (मुरबाड रस्ता)

क्लोरीन चांगलंच होतं, म्हणून तर रंग आला. पाण्यात लोह विरघळलेलं होतं, क्लोरीननं त्याचा गंज केला. आता पीएच ७.२ ते ७.६ मध्ये आणा. तुरटी हजार लिटरला १५-२० ग्रॅम या हिशेबानं बादलीत विरघळवून सगळीकडे शिंपडा, पंप तासभर फिरवून रात्रभर बंद ठेवा. सकाळी तळाशी बसलेला तांबूस गाळ व्हॅक्यूमनं फिल्टर टाळून थेट बाहेर काढा. तुरटीनं पीएच उतरतो, तो पुन्हा बघा. पुढच्या वेळी भरायच्या आधी एका बादलीत बोअरचं पाणी घेऊन चिमूटभर क्लोरीन टाकून पाहा, म्हणजे ४० हजार लिटरवर प्रयोग करायची पाळी येणार नाही.

पाणी हिरवं होऊन भिंती बुळबुळीत झाल्या तर ते शेवाळ, त्याचा इलाज वेगळा: ब्रशनं घासणं, क्लोरीनचा मोठा डोस, आणि फिल्टर दिवसरात्र. वाळूच्या फिल्टरचा दाब नेहमीपेक्षा अर्धा बार चढला की बॅकवॉश करा, म्हणजे उलटं पाणी सोडून वाळू धुवा. रोज उगाच करू नका, वाळूत थोडी घाण अडकलेली असली तर ती उलट चांगली गाळते.

जाता जाता एक. टीसीसीएच्या (क्लोरीनचाच एक प्रकार) गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर एका डब्यात, एका मगात, एका फिडरमध्ये कधीही एकत्र येऊ देऊ नका. विषारी वायू सुटतो, भडकाही उडतो. आणि पावडर पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही.

क्लोरीनचा वास इतका येतो की डोळे चुरचुरतात. डोस निम्मा केला तरी फरक नाही. (ऐरोली)

निम्मा केलात म्हणूनच फरक नाही. तो वास क्लोरीननं घाम, लघवी, डोक्याचं तेल यांच्याशी केलेल्या झटापटीत तयार होणाऱ्या क्लोरामाइन्सचा आहे. फ्री (मोकळं) आणि टोटल (एकूण) असं दोन्ही क्लोरीन मोजणारं किट आणा. दोन्हींतला फरक जितका, त्याच्या दहापट क्लोरीन संध्याकाळी एकदम द्या, आणि फ्री क्लोरीन ३ च्या खाली येईपर्यंत कुणाला उतरू देऊ नका. पोहण्याआधी साबणानं अंघोळ हा नियम घरच्या पूललाही लागू आहे. पाहुण्यांना सांगायला संकोच वाटतो, मान्य.

नात तीन वर्षांची आहे. सून म्हणते कुंपण घाला, मुलगा म्हणतो पूलची शोभा जाईल. तुमचं मत? (येऊर)

सूनबाई बरोबर आहेत. चार फुटी कुंपण, पाय ठेवायला आडव्या पट्ट्या नसलेलं, आणि आपोआप बंद होणारं फाटक, त्याची कडी वरच्या बाजूला. घराचं दार थेट पूलकडे उघडत असेल तर कुंपण त्या बाजूनंही हवं. आणि तळाच्या जाळीचं झाकण स्क्रूनं घट्ट आहे ना, ते आजच पाहा. एकच ड्रेन असेल तर तिथे केस किंवा हात खेचला जाऊ शकतो, म्हणून एकमेकांपासून मीटरभर अंतरावर दोन ड्रेन असावेत. मुलाला माझा नंबर द्या, मी बोलतो.

बॅकवॉशचं पाणी झाडांना चालतं का? (खारघर)

ड्रममध्ये दोन दिवस उन्हात ठेवून क्लोरीन शून्यावर आलं की नारळ-चिकूला घाला. तुळशीला आणि कुंड्यांना नको. तुमचा पूल मिठाच्या क्लोरिनेटरवर चालत असेल तर मात्र कुठल्याच झाडाला घालू नका.