आयपॅडवरून गिटारच्या पेडलचे पॅच बदलायचे असतील तर कुठला अडॅप्टर घ्यावा?

तुमचा प्रश्न मला असा समजला: फोंड्याकडच्या एका ऑर्केस्ट्रात तुम्ही गिटार वाजवता. गाण्याचे शब्द आणि कॉर्ड जुन्या, लाइटनिंग पोर्टच्या आयपॅडवर बघता. पायाशी यूएसबी असलेलं एक मल्टी-इफेक्ट (अनेक इफेक्ट एकाच पेटीत देणारं पेडल) आहे आणि पाच पिनांचं मिडी इन असलेलं एक डिले (आवाजाचा प्रतिध्वनी देणारं) पेडल. मिडी म्हणजे वाद्यांना आणि पेडलना आज्ञा पाठवायची पद्धत. आयपॅडवर गाणं उघडलं की दोन्ही पेडलवर त्या गाण्याचा पॅच, म्हणजे आधी जुळवून ठेवलेला आवाज, आपोआप यायला हवा. दुकानातून आणलेला अडॅप्टर मात्र काहीच करत नाही.

उद्याच बाजारात जाणार असाल तर लाइटनिंग टू यूएसबी ३ कॅमेरा अडॅप्टर घ्या, आणि तो ॲपलचाच घ्या. त्यात यूएसबीच्या शेजारी चार्जिंगसाठी दुसरं लाइटनिंग पोर्ट असतं, आपल्याला तेच हवंय. सोबत एक छोटा यूएसबी हब आणि यूएसबीतून पाच पिनांची मिडी देणारा एक इंटरफेस. इंटरफेसच्या खोक्यावर 'क्लास कम्प्लायंट' लिहिलेलं बघून घ्या, म्हणजे तो वेगळ्या ड्रायव्हरविना चालतो, कारण अशा जुन्या आयपॅडवर वेगळा ड्रायव्हर टाकता येत नाही. मल्टी-इफेक्टलाही हाच नियम: त्याची यूएसबी फक्त कंपनीच्या ड्रायव्हरवर चालत असेल तर आयपॅडला ते दिसणारच नाही, अडॅप्टर कितीही चांगला असला तरी.

पण मल्टी-इफेक्टच्या मागे पाच पिनांचं मिडी इन आणि थ्रू (आत आलेली आज्ञा तशीच पुढे देणारं पोर्ट) असेल तर यूएसबीच्या वाटेला जाऊच नका. इंटरफेसमधून मल्टी-इफेक्टच्या इनमध्ये, तिथल्या थ्रूमधून डिलेच्या इनमध्ये, संपलं. मग हबही लागत नाही. मी हे आग्रहाने सांगतो त्याला कारण आहे. मिडी १९८३ साली बाजारात आली तेव्हापासून तिच्या इनमध्ये ऑप्टोकपलर असतो. सिग्नल प्रकाशाच्या रूपात पलीकडे जातो, दोन यंत्रांमध्ये विजेचा थेट संबंध राहत नाही. यूएसबीत तसं नाही, तिथे दोन्ही यंत्रांचं ग्राउंड एकमेकांना जोडलं जातं. आयपॅड चार्जरवर, ॲम्प्लिफायर दुसऱ्या बोर्डवर आणि मधे यूएसबी, असं झालं की ग्राउंड लूप, म्हणजे ग्राउंडच्या तारांतून विजेचं बंद वर्तुळ, तयार होतो आणि स्पीकरमधून घुंऽऽ सुरू होतं.

जत्रेच्या मंडपात हे फार होतं. स्टेजला जनरेटर, साउंडवाल्याला देवळातली लाइन, आणि अर्थिंग आहे की नाही कुणालाच ठाऊक नसतं. मी यावर एकच उपाय करतो, अडॅप्टरच्या चार्जिंग पोर्टला पॉवर बँक लावतो. आयपॅडचा भिंतीशी संबंधच तुटतो, लूप बनायला वाट उरत नाही, आणि साध्या अडॅप्टरवर येणारी 'हे उपकरण जास्त वीज मागतंय' ही सूचनाही सहसा येत नाही. लाइट गेली तरी आयपॅड चालू राहतो, हा वरचा फायदा. घुं थांबवायला ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थची पिन काढणारे मी पाहिलेत. कृपा करून तसं करू नका. चवथीच्या दिवसांत ओल्या जमिनीवर उभं राहून, एक हात तारांवर आणि ओठ माइकला, अशा वेळी ती पिनच तुमचा जीव वाचवते.

दुसरी गोष्ट आवाजाची. मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, फक्त आज्ञा जाते. पण मल्टी-इफेक्ट यूएसबीने जोडलं आणि ते ऑडिओ इंटरफेस म्हणूनही चालत असेल, तर आयपॅड आपला सगळा आवाज न विचारता तिकडे वळवतो. नाट्यगीत रंगात आलेलं असताना मेसेजचा टिंग-टिंग थेट पीएवर, म्हणजे प्रेक्षकांच्या स्पीकरवर! म्हणून स्टेजवर जाण्याआधी एअरप्लेन मोड आणि डू नॉट डिस्टर्ब, दोन्ही. घरी सराव करताना किंवा रेकॉर्डिंगला यूएसबीतून आवाज खुशाल घ्या, स्टेजवर फक्त मिडी.

जोडणी झाल्यावर गाडी अडते ती बहुतेक वेळा तीनच ठिकाणी. केबलसारखा इंटरफेस असेल तर 'आउट' लिहिलेलं टोक पेडलच्या 'इन'मध्ये जातं. काही स्वस्त केबलवर उलटं छापलेलं असतं, तेव्हा एकदा अदलाबदल करून बघा. मग चॅनल: मिडीचे १६ चॅनल, आणि पेडल बहुधा चॅनल १ वर किंवा सगळं ऐकण्याच्या ओम्नी मोडवर येतात. मल्टी-इफेक्टला १ आणि डिलेला २ द्या, नाहीतर एकाचा हुकूम दुसराही ऐकेल. आणि आकडा: प्रोग्राम चेंज, म्हणजे पॅच बदलायची आज्ञा, ० ते १२७ अशी जाते, पण कित्येक पेडल आणि ॲप तो आकडा १ ते १२८ असा दाखवतात. पाचवा पॅच मागितला आणि सहावा आला तर बिघाड नाही, एकाचा फरक आहे.

ऑनसाँग किंवा बँडहेल्पर या गाण्यांच्या ॲपमध्ये प्रत्येक गाण्याला अशा आज्ञा जोडता येतात, गाणं उघडताच त्या जातात. उशिराची काळजी नको. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, प्रोग्राम चेंजला एक मिलिसेकंदही लागत नाही. पॅच बदलताना आवाज क्षणभर तुटला तर तो पेडलच्या आतला वेळ आहे, अडॅप्टर बदलून तो जाणार नाही. अशा वेळी एकाच पॅचमध्ये इफेक्ट चालू-बंद करायला कंट्रोल चेंज वापरा.

दोन पेडल एकमेकांना यूएसबीने जोडून काम होईल का, असंही तुम्ही विचारलंय. होणार नाही. यूएसबीत कुणीतरी होस्ट (जोडणी चालवणारं यंत्र, जसा इथे आयपॅड) लागतो आणि पेडलवरचं चौकोनी पोर्ट होस्ट नसतं. ब्लूटूथ मिडी घरी छान चालते, पण पाच पिनांत खोचायचे काही छोटे अडॅप्टर वीज मिडी आउटमधून घेतात. तुमच्या डिलेला फक्त इन असेल तर त्यांना वीज मिळणार नाही.

आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत लाइटनिंगच्या पिना काळ्या पडतात आणि जोडणी मधेच सुटते. कार्यक्रम झाला की अडॅप्टर सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि स्टेजवर तो लोंबकळू न देता स्टँडला टेपने बांधा.

दोन्ही पेडलचं मॉडेल इथे लिहा. मल्टी-इफेक्टला थ्रू आहे का, ते कळलं की हब घ्यायचा की नाही हे नक्की सांगता येईल.